हरिबानं राजाची बाग निंदली

हॅलो? … व्हय, न्हावऱ्यातनंच… मी हरिबा! कोण, आक्का? अगं घुमतंय लई, कुरकुंभचा फोन लागला की असंच… हां, आता बोल.

कुणी सांगितलं? … शेजारच्या शंकररावानं? मी धनश्रीचं नाटक बुडवलं म्हणून? त्याच्या जिभंला हाड न्हाई, आक्का! अर्ध्यातनं उठून एस्टीला पळाला त्यो, त्याला काय ठावं… व्हय, व्हय, चूक माझीच. न्हाई म्हंतोय कुठं? पन समदं ऐक तरी!

अगं, शिरूरच्या कॉलेजात स्पर्धा व्हती. जुनं विलायती नाटक, मराठीत केल्यालं. त्यात आपली पोरगी माळीण… हलकं काम नव्हं गं! राजाच्या बागंची माळीण, लई बोलायचं असतंय तिला.

मी सकाळच्याच एस्टीनं गेलो. स्टेजवर कुणी न्हाई. बघतो तर काळीभोर माती पसरल्याली आन् तिच्यात नुसतं काँग्रेस गवत, लव्हाळा, हराळी… मधी एक गुलाब, पार गुदमरल्याला. मला बघवंना गं… बसलो उकिडवा आन् काढलं निंदून. समदं! मुळासकट! गुलाबाला आळं केलं, पानी घातलं, तण दिलं कंपाऊंडच्या भायेर फेकून.

हसतीस काय? … अगं, पोरांनी पंधरा दिस जपून वाढवलं व्हतं ते! नाटकात राजाचं ध्यान न्हाई म्हनून बाग माजली, म्हंजी राज्य माजलं. लव्हाळा म्हंजी लबाड प्रधान, काँग्रेस गवत म्हंजी त्याचे खुशमस्करे… मला काय सपान पडलं व्हतं? मी बसल्या बसल्या समदा दरबार उपटला की!

धनश्री? … आली, बघितलं, आन् मटकन खालीच बसली. तिचे सर तर लालबुंद. मला वाटलं, आता ही जलमभर माझं तोंड बघायची न्हाई…

थांब ना, मधी बोलू नको! पडदा वर गेला. राजा आला, आन् बाग चकाचक! "किती माजलं हे तण" म्हनायचं, पन कशाला बघून? गप उभा. लोक हसाय लागले. मी मान खाली घातली… तेवढ्यात धनश्री पुढं झाली. कुठं लिहिल्यालं न्हाई हां हे! म्हनली, "महाराज, आज एक शेतकरी आला होता. कुणी बोलावलं नव्हतं त्याला. तुमची बाग त्याला बघवली नाही, सगळं तण काढून गेला. तुम्ही तर रोज बघत होता. तुमचे हात का नाही हलले?"

… ऐकतीस ना? आन् मग ज्या टाळ्या पडल्या, बाबौ!

राजा? … मेला की. शोकांतिका म्हंत्यात त्याला. एका दिसाच्या निंदणीनं वाचतोय व्हय!

पयला नंबर, आक्का! आता फुडच्या फेरीला पुण्याला जायचं… अगं व्हय, पेढे देतो, ऐक ना… परीक्षकानं माईकवर इचारलं, ते वाक्य तुला कुणी लिहून दिलं? तर ही तरातरा खाली आली, समद्यांदेखत माझ्या हाताला धरलं, मला वर नेलं, आन् म्हनली, "लिहून कुणी दिलं नाही. हे माझे आबा. यांनी करून दिलं."

… न्हाई गं, रडतोय कुठं… व्हय, रडतोय. ठेव आता.