जावयाच्या मशीनवरचं पहिलं पेन

...नाही, पण तुम्हाला सांगतो, भेट म्हणून लेथ मशीन कोण देतं हो? तेही सासऱ्याला? अं? चपला द्या, छत्री द्या, जेवा नि गपचूप घरी जा! आमच्या जावयाने काय आणावं? लाकडाची पेनं कातायचं मशीन! मला! मी सही करायला लागलो की मागची रांग खाली बसून घेते, त्या मला पेन! तेव्हाच म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय!

कारण काय, की... म्हणजे हा लग्नानंतर पहिल्यांदा मुक्कामाला आला ना, तेव्हा मी ह्याच्या शर्टाच्या बाह्यांची तोंडं शिवून ठेवली होती. बारीक टाके, एकदम नीट. ऑफिसला निघताना बिचारा अर्धा तास स्वतःचे हात शोधत होता. असला माणूस हसत हसत मशीन देतो? "बाबा, तुमच्या हातांना काहीतरी चाळा हवा ना!" आणि डोळे कसे, गरीब गाईचे!

मी काय येडा आहे? दाराआड उभा राहिलो आणि झाडूच्या दांड्याने बटण दाबलं. घर्रर्र... फिरायला लागलं. काही उडालं नाही, काही फुटलं नाही. हे तर जास्तच संशयाचं की हो!

वर शिकवायला माणूसही त्यानेच धाडला. सुतारमामा. शब्द असे जपून वापरतो, जसे काही उसने आणलेत. "लाकडाला भोक पाडा. आत पितळी नळी चिकटवा. मशीनच्या दांडीवर चढवा. हत्यार टेकवायचं. ढकलायचं नाही." टेकवलं. फटाक्! अर्धं लाकूड कपाटाखाली, अर्धं माझ्या मिशीत. दुसरं घेतलं. फटाक्! म्हटलं, "मामा, लाकूड कुजकं दिलंत ना?" "लाकूड चांगलंय. तुम्ही ढकलताय." आता मी त्याच्या जागी असतो तर कुजकंच दिलं असतं, म्हणून विचारलं हो!

तिसरं मात्र... तिसरं टिकलं. कीस असा निघाला, लांब, कुरळा, मनगटावर गरम गरम. पॉलिश पेपर मारला, मेण लावलं, आणि लाकडातल्या रेषा अशा वर आल्या की मशीन बंद करून मी नुसता बघत बसलो. मनात आलं, हे हिला द्यायचं. हिला म्हणजे बायकोला. बेचाळीस वर्षं झाली, माझ्या हातून ही एक वस्तू सरळ घेत नाही. आधी उलटी करते, मग हलवते, मग वास घेते! एकदा, एकदाच, न तपासता घ्यावी तिने. बास. एवढंच.

राहिली जोडणी. ज्या फिरकीने पेनाचं टोक आतबाहेर होतं, ती नळीत दाबून बसवायची. मामाने तिच्यावर रेघ मारली. "इथवर दाबा. थांबा." आणि गेला हात धुवायला! ऐन वेळेला? हात धुवायला? म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय! रेघ मुद्दाम अलीकडे मारली असणार. जावयाचा माणूस! फिरकी सैल राहील, पेन हिच्या हातात सुटं होईल, आणि तिकडे जावई बाह्या फडकावत हसेल! दाबली मी. रेघेच्या पुढे. चांगली कचकचून!

मामा आला, पेन फिरवून बघितलं. "टोक आता आत जायचं नाही. रेघ बरोबर होती."

"काढता येईल?"

"लाकूड फुटेल."

तरी दिलं हो तिला! लिहायला तर येतं! तर हिने स्वयंपाकघरातून चिमटा आणला. चिमट्यात धरलं, हात लांब, तोंड पलीकडे. "शाई उडते?" "नाही गं." "शॉक बसतो?" "अगं, साधं पेन आहे, तुझी शपथ!" मग हळूच बोटांत घेतलं. फिरवलं, टोक बाहेर. उलटं फिरवलं, टोक बाहेरच! माझ्याकडे बघितलं, पेनाकडे बघितलं, आणि अशी हसत सुटली की भिंतीला टेकावं लागलं! "बंदच न होणारं पेन! अहो, सुचतं तरी कसं तुम्हाला!"

"अगं, खोडी नाही, चूक झाली माझी!"

"चूक? आणि तुम्ही कबूल करताय? मग तर नक्कीच खोडी!"

लगेच जावयाला फोन. तो म्हणतो, "बाबा, मलाही एक करा ना, साहेबांना द्यायचंय!"

मग काय! म्हटलं, "हो बाई, खोडीच होती." कारागीर म्हणून कोण ओळखतंय आपल्याला... निदान ह्या कामात तरी नाव आहे!