बाक आमचा, शाळा त्यांची

नाही, पण मी म्हणतो, आमच्या बाकाला हात लावायचाच कशाला? तुम्हाला सांगतो, परदेशातली ही एवढी मोठी फ्रेंच इंटरनॅशनल शाळा आज मी चालवतो! म्हणजे... अख्खी नाही. एक बाक चालवतो. तोही चालत नाही, एका पायाने डुगडुगतो. पण माझ्या सहीशिवाय तो हलणार नाही, काय समजलात?

तर झालं काय, ही शाळा पालकांची. मास्तर पगारी, हेडमास्तर पगारी, आणि वर मालक कोण? पालकांची समिती! घंटा किती वाजता, भिंतीला रंग कुठला, पोरांनी हात कुठल्या साबणाने धुवायचे, सगळं पालक ठरवणार. दर आठवड्याला नातीच्या दप्तरातून कागद यायचा, ‘पालकहो, शाळेत लक्ष घाला.’ माझी मुलगी नोकरीवर, जावई कायम विमानात. मग लक्ष घालायला उरलो मी. माझं शिक्षण सातवी. म्हणजे सातवीच्या वर्गाबाहेर उभं राहण्यापर्यंत. पण लक्ष घाला म्हणाले ना? घातलं!

रोज साडेतीनला शाळा सुटते. पोरं पटांगणात हुंदडतात आणि फाटकाच्या आत, पत्र्याच्या छपराखाली त्या बाकावर आम्ही. मी, एक विणकाम करणाऱ्या आजी, आणि एक निवृत्त बसड्रायव्हर. तिघांच्या तीन भाषा, एकाची दुसऱ्याला कळत नाही, त्यामुळे आजतागायत भांडण नाही! मी शिपायाची नक्कल करतो, ड्रायव्हर तोंडाने हॉर्न वाजवतो, आजी सुईने माझ्या गुडघ्यावर टोचतात. घरी काय आहे हो? मुलगी लॅपटॉपशी बोलते, फ्रिज माझ्याशी बोलतो. दिवसभरात माणसात बसायचा तो एक तास.

आणि एक दिवस आला पिवळा कागद. वार्षिक सभा, मुद्दा सातवा. नातीने वाचून दाखवलं. वय वर्षं नऊ, आमची सरकारी दुभाषी. "आजोबा, बाक काढणार. तिथे सायकली लावणार. मोठ्या माणसांनी फाटकाबाहेर उभं राहायचं, मुलांना नंबराने बाहेर सोडणार."

"आणि तुमचं खेळणं?"

"खेळणं बंद. ज्यांना न्यायला उशीर होईल त्यांनी खोलीत गप्प बसायचं."

एवढंसं तोंड झालं हो पोरीचं! मी म्हटलं, थांब. पालकांनी लक्ष घालावं म्हणतात ना? आता बघ कसं घालतो!

त्या पिवळ्या कागदाच्या खाली एक चिठ्ठी होती. ज्याला सभेला यायला जमणार नाही त्याने तिच्यावर सही करून आपलं मत दुसऱ्याच्या हाती द्यायचं. पूर्वी एका माणसाला दोनच चिठ्ठ्या आणता यायच्या. पण गेल्या वर्षी सभेला माणसंच जमेनात, म्हणून समितीच्या अध्यक्षीणबाईंनी स्वतःच तो नियम काढून टाकला. कितीही आणा म्हणाल्या. कितीही! आणि हे कुणाला कळलं? सातवीच्या वर्गाबाहेर उभं राहिलेल्याला!

मग काय, चार दिवस फाटकावर मीच. फ्रेंच शब्द मला येतात तीन, त्यातले दोन नमस्काराचेच. पण हात आहेत की! बाकाकडे बोट दाखवायचं, बाक उचलून फेकल्याचं नाटक करायचं, मग जमिनीवर फतकल मारून रडायचं. आया हसून हसून सही करायच्या. एका बापाने तर सायकलवरून न उतरता माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. ड्रायव्हर रस्त्यात आडवा उभा राहायचा, आजी सुया परजून चिठ्ठ्या गोळा करायच्या. त्रेचाळीस! त्रेचाळीस चिठ्ठ्या, स्वेटरच्या आत, पोटाशी!

मुलीने मला सभेला पाठवताना बजावलं होतं, "बाबा, माझी चिठ्ठी घ्या. सगळे हात वर करतील तेव्हा करा. तोंड उघडू नका." नाही उघडलं. शपथेवर सांगतो.

सभा शाळेच्या जेवणघरात, संध्याकाळी सहाला. खुर्च्या दोनशे, माणसं बावीस. एवढं ते पालकांचं लक्ष! अध्यक्षीणबाई उंच, चष्मा डोक्यावर, ओठांचा चंबू करून अशा बोलायच्या की वाटावं गरम चहा फुंकतायत... फू फू फू, फूफू फू! दहा मिनिटं. मी नातीला कोपराने ढोसलं, "काय म्हणतायत?"

"शिस्त."

"अगं, एवढं लांब बोलल्या त्या!"

"बाकीचं पण सगळं शिस्तच होतं, आजोबा."

मग मुद्दा सातवा. बाक काढावा असं म्हणणारे हात वर! पंधरा. बाई हसल्या, चष्मा डोक्यावरून नाकावर आला. विरुद्ध कोण? मी उठलो. स्वेटरमध्ये हात घातला, एक गठ्ठा काढला, ठेवला टेबलावर. दुसरा काढला, ठेवला. बाई आपल्या बघतायत, या म्हाताऱ्याचं पोट उतरतंय कसं! सेक्रेटरीने तीनदा मोजलं. चौथ्यांदा पाणी प्याला.

आणि मागून आणखी एक हात वर. हातात विणकामाची सुई! आमच्या आजी! मुलाची चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. बाईंचा चेहरा असा पडला... मी म्हटलं, त्रेचाळिसांत एकाने एवढं काय बिघडलं? नात कानात म्हणाली, "आजोबा, त्या बाईंच्या सासूबाई आहेत."

घ्या! म्हणजे नवऱ्याचं मत नवऱ्याच्या आईने बायकोच्या विरुद्ध टाकलं! वर सासूबाईंचं मांडीवरचं विणकाम पुढे चालू, एक टाका चुकला नाही! लक्ष घालावं म्हणतात ना? अख्ख्या घराने घातलं!

बाक राहिला. पोरांनी दुसऱ्या दिवशी मला पटांगणभर मिरवलं. पण बाई कच्च्या गुरूची चेली नव्हे हो. कुठूनसा एक नियम शोधून काढला, समितीचा प्रस्ताव पाडणाऱ्याने त्या कामाची जबाबदारी घ्यायची. छातीवर बिल्ला लावला माझ्या, ‘आवार प्रतिनिधी’, आणि हातात फाइल दिली, साठ पानांची, फ्रेंचमधली! बैठक सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. किती वाजता? साडेतीनला! मी आत बैठकीत फू फू ऐकत, आणि खिडकीतून दिसतात आजी आणि ड्रायव्हर, माझ्या बाकावर ऐसपैस!

असो. मागे हटणारा मी नव्हे. ती फाइल संध्याकाळी मुलीपुढे ठेवली, वाचून सांग म्हटलं. बिचारी नुकती कामावरून आलेली, पायात बूट तसेच.

"बाबा, तुम्हाला फक्त हात वर करायला सांगितलं होतं."

"केला की. त्यात चिठ्ठ्या होत्या, त्याला मी काय करू?"

"साठ पानं! हे सगळं आता मी वाचू?"

म्हटलं, आता जरा उपदेश होऊन जाऊ दे. छाती पुढे केली, बिल्ला दिसेल असा. "वाचायला नको? अगं, पोरीची शाळा आहे ती. घरच्यांनी जातीने लक्ष नको घालायला?"

तिने फाइल मिटली. एक बूट काढला, दुसरा काढला, आणि अगदी सावकाश मला विचारलं,

"बाबा, माझी शाळा कुठल्या रस्त्यावर होती?"