बोटभर तेल, बाटलीभर तेल

गॅरेजच्या बाकावर एक तरुण गिऱ्हाईक मान खाली घालून बसला होता. मिस्त्रींनी तेल हुंगून निदान केलं होतं; आज ते त्याच्या हायब्रीड गाडीचं इंजिन खोलणार होते. तेवढ्यात एक मावशी हातात कागद फडकवत थेट मिस्त्रींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, परवा माझ्या हायब्रीडचं तेल बोटाला लावून हुंगलंत आणि काय म्हणालात?"

"इंजिन गेलं, खोलावं लागेल. पेट्रोलचा वास येत होता, मावशी. तीस वर्षं झाली या धंद्यात."

"तेच तेल मी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवलं. हा घ्या रिपोर्ट."

"माणसाचं रक्त तपासतात तसं?"

"वाचा तर खरं."

"लोखंड... अगदी किंचित. तांबं, तेही नाहीच. म्हणजे आत काही झिजलंच नाही?"

"पुढे."

"तेलात पेट्रोल उतरलंय. गाडी जवळच्या जवळ फिरते, निम्मी बॅटरीवरच चालते, त्यामुळे इंजिन पुरतं तापत नाही आणि उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही."

"मग उपाय?"

"तेल बदला, आठवड्यातून एकदा लांब फिरवून आणा."

"आणि खोलायचं?"

"नाही."

"ऐकू आलं नाही."

"नाही खोलायचं, मावशी! ठणठणीत आहे तुमचं इंजिन!"

बाकावरचा तरुण ताडकन उठला.

"मिस्त्री, माझ्या गाडीला हात लावू नका. मावशी, बाटली केवढी लागते?"