डासांचं मशीन

आजी : मशीन लावलंत का? दिवेलागण झाली.

आजोबा : केव्हाच. हा बघ, हिरवा दिवा. लेकाकडे आल्यापासून रोज लावतोय. एक तरी डास चावला?

आजी : नाही बाई.

आजोबा : निरीक्षण आणि निष्कर्ष! कॉलेजच्या प्रयोगशाळेत जन्म गेलाय माझा.

आजी : एखाद्या दिवशी बंद ठेवून पाहिलंत?

आजोबा : कशाला? छान चाललंय ते. तू उद्याच्या सबबीचं बोल. गुडघा नको हं, गुडघा त्या मनोऱ्याच्या वेळी वापरून झाला.

आजी : मग पोट?

आजोबा : पोट म्हटलं की चिरंजीव थेट दवाखान्यात नेतील. त्यापेक्षा सरळ सांग ना, होडीत यायचं नाही म्हणून.

आजी : कसं सांगू? पोराने रजा टाकलीय. संग्रहालयं झाली, कारंजी झाली, तो काचेचा पूल झाला. तुम्ही तर डोळे मिटून चाललात.

आजोबा : मिटले नव्हते. खाली बघत नव्हतो, एवढंच.

आजी : आणि माझ्या पर्सचा पट्टा कशाला धरला होता?

आजोबा : तू हरवू नयेस म्हणून. पण खरंच, परवा आपलं विमान. उद्या तुला नक्की काय हवंय?

आजी : नात. दुसरं काय? एवढा समुद्र ओलांडून आले आणि तिला उचललं ते फोटोपुरतं. एकदा मांडीवर निजवायचंय तिला. बस.

आजोबा : मग सुनेला विचार.

आजी : ती पुस्तकात बघून निजवते हो. सासू लुडबूड करते असं वाटायला नको. गोड पोरगी आहे, जाताना कशाला तिचं मन दुखवायचं?

सून : आई, आत येऊ?

आजी : ये गं. हे काय, हात ओले तसेच?

सून : भांडी घासत होते. बाबा, ते डासांचं मशीन नाहीये.

आजोबा : मग?

सून : बाळ या खोलीत रडलं की स्वयंपाकघरात ऐकू येतं त्यातून. तुम्ही आलात म्हणून पाळणा आमच्या खोलीत नेला, हे इथेच राहिलं.

आजोबा : म्हणजे रोज आमचं सगळं...

सून : नाही, नाही! पहिल्या दिवशी डासांचं कानावर आलं, तेव्हापासून रोज मी तिकडचा आवाज बंद करते. तुम्हाला ओशाळल्यासारखं होईल म्हणून बोलले नाही. आज हात साबणात होते. गुडघ्यापासून पुढचं ऐकलं.

आजोबा : पण डास नव्हते, हे तर मान्य करशील?

सून : बाबा, इथे डास नसतातच.

आजी : तुम्ही गप्प बसा हो. तू मनावर घेऊ नकोस गं.

सून : घेणार. माझी मावशी लेकाकडून परतली आणि वर्षभर सांगत फिरली, मला आया म्हणून नेलं होतं. तुम्हाला तसं वाटू नये म्हणून ही सगळी ठिकाणं मी शोधून काढली.

आजी : काचेचा पूलसुद्धा?

सून : तो तर सगळ्यात आधी.

आजोबा : चांगला होता. खालचं सोडून.

सून : उद्या होडीत आम्ही दोघं जातो. पिल्लू झाल्यापासून दोघंच असे कुठे गेलोच नाही.

आजी : जा खुशाल. पण पुस्तकात काय लिहिलंय ते सांगून जा हं. तुझं बाळ, तुझ्या पद्धतीने.

सून : पुस्तकही उद्या सुट्टीवर, आई.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. तीच खोली. नात आजीच्या मांडीवर.)

आजोबा : झोपली?

आजी : हळू बोला. केव्हाच.

आजोबा : मग ठेव की पाळण्यात. पायाला मुंग्या आल्या असतील.

आजी : येऊ देत.

आजोबा : घरात ऐकायला कुणी नाही. मशीन बंद करू?

आजी : राहू दे. डास चावतील तिला.