कपाळावरची विभूती

काशम्मा : त्ये सगळं खरं मॅडम. पर माज्या दोघांच्या मेंदूत काय निगालं, त्ये सांगा की. उनाळ्यात पोराला आन् मालकांना तुमच्या त्या मशिनीत झोपवलं हुतं.

डॉ. अपेक्षा : मावशी, तो अभ्यास होता, उपचार नव्हता. स्वमग्न असलेले बरेच जण, स्किझोफ्रेनिया असलेले बरेच जण. सगळ्यांना चेहरे दाखवले. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो, ते पाहिलं. निष्कर्ष सगळ्यांचा मिळून निघतो. एकट्या शरणबसवचं किंवा एकट्या मल्लिनाथरावांचं त्यातून काही सांगता येत नाही.

काशम्मा : मंजी सगळ्यांची भाजी एकाच पातेल्यात.

डॉ. अपेक्षा : तसंच समजा.

काशम्मा : मग मी कशाला आणलं वो त्यांना? मालक मशीन बघूनच म्हनले, ही माजं डोकं वाचणार. मी लई हातापाया पडले तवा त्ये झोपले. आज तर वर यायलाच तयार न्हाईत, खाली रिक्षात बसल्यात. मला वाटलं, कुटं वायर सुटली असंल, तुमी दावाल, मग जोडाल.

डॉ. अपेक्षा : सही घेताना मी समजावलं होतं, मावशी.

काशम्मा : समजावलं असंल. आईला जे पायजे त्येच ऐकू येतंय. बरं, एवडं तरी सांगा. दोघांतल्या कुणाला तरी माजं तोंड बघून कदी कळंल का, हिला काय हुतंय त्ये?

डॉ. अपेक्षा : शरणबसवला अजिबातच कळत नाही?

काशम्मा : तुमीच बगा. शरणू, हिकडं बघ. मी कशी हाय आता?

शरणबसव : आई आनंदी आहे.

डॉ. अपेक्षा : कशावरून रे?

शरणबसव : कपाळावर विभूती आहे. विभूती आहे म्हणजे आनंदी. विभूती नाही म्हणजे आई रडते.

काशम्मा : रडले की पदरानं तोंड पुसते, तवा ती पुसून जाती. ल्हानपणापास्नं तेवडंच हेरलंय त्येनं.

डॉ. अपेक्षा : त्याची त्यानं शोधलेली खूण आहे ही. कमी नाही हे.

काशम्मा : व्हय, मीबी खूश हुते. पर आता मालकांचं ऐका. त्येंना वाटतंय, ही विभूती न्हवं, करणीचा अंगारा हाय. मी शेजारनीला धरून त्येंचा काटा काढणार. कपाळाला दिसली की जेवणाचं ताट भिरकावत्यात. मी हसले तरी त्येंना त्यात डाव, गप बसले तरी डाव.

डॉ. अपेक्षा : गोळ्या घेतात?

काशम्मा : गालात धरून मोरीत थुकत्यात. त्याबी माज्याच हातच्या की.

डॉ. अपेक्षा : मग काही दिवस विभूती नका लावू.

काशम्मा : न्हाई लावली. मालक जरा जेवले. पर हे लेकरू कानांवर हात ठिवून कोपऱ्यात बसलं. “आई रडते, आई रडते.” म्होरं बसून हसून दावलं, गव्हाची गोड हुग्गी करून घातली, लई परकार केले.

शरणबसव : हुग्गी गोड होती. विभूती नव्हती.

काशम्मा : ऐकलं? म्हनून आज मालकांना खाली ठिवून वर येताना जिन्यातच लावली. एकाला माज्या तोंडावर काय दिसतच न्हाय. एकाला नसलेलं दिसतंय. जे हाय त्ये मातर कुणालाच न्हाय.

डॉ. अपेक्षा : मल्लिनाथरावांसाठी गोळ्यांऐवजी महिन्यातून एकदा द्यायच्या इंजेक्शनचं आमच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलते. ते तयार झाले तर.

काशम्मा : झाले तर.

डॉ. अपेक्षा : खोटा धीर नाही देत, मावशी. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते मशीनकडेही नाही.

काशम्मा : खरं बोललात, तेवडंच बरं वाटलं. दुसरं कोन बोलतंय माज्यासंगं?

(खालून रिक्षाचा हॉर्न. काशम्माचे डोळे वाहत आहेत. ती पुसत नाही.)

शरणबसव : आप्पा बोलावतात. आई आनंदी आहे. चला.

डॉ. अपेक्षा : मावशी, हा रुमाल घ्या. डोळे पुसा.

काशम्मा : डोळे ऱ्हाऊ द्या, आदी कपाळ पुसते. मालक खाली हायत.

शरणबसव : आई रडते. आई रडते.

डॉ. अपेक्षा : शरणू, अरे, आईनं नुसतं कपाळ...

काशम्मा : असू द्या मॅडम. आज बरोबर सांगितलंय त्येनं.