मेव्हण्याच्या हातातला दोर

मंडळी, जरा सावरून बसा आणि मला सांगा. 'मला संशय आला' असं आपण म्हणतो. आला — पण कुठून आला? दारात परका माणूस उभा राहिला तर आपण त्याला गाव विचारतो. संशयाला कुणी विचारलं? आत्ता इथं कितीजणांचा एक डोळा बाहेरच्या चपलांवर आहे, ते मला दिसतंय हां. असू द्या.

ऐका. डोंगरातल्या एका वाडीत चिंधू राहायचा. उभ्या कड्यावर दोराला लोंबकळून आग्या मोहोळाचा मध काढायचा. वर दोर धरायचा त्याचा मेव्हणा, बायकोचा भाऊ लक्षा. मेव्हणाच का? बहिणीचं कुंकू पुसायला कोण धजेल? शहाणी रीत. एक साल चिंधू उतरे, एक साल लक्षा.

त्या साली बाजारात कुणीतरी चिंधूच्या कानाला लागलं — "लक्षा म्हणत होता, चिंधू नसता तर हा कडा..." तेवढ्यात गर्दी लोटली, सांगणारा गेला. राहिलेलं चिंधूनं मनातच पुरं केलं — 'माझ्या एकट्याचा झाला असता.'

उतरायच्या सकाळी लक्षा गप्प. मान वर करीना.

"काय झालंय रे?"

"काही नाही. उतर."

चिंधू निम्म्यावर गेला आणि दोराला हिसका बसला. पुन्हा बसला. अंगावर हजार माश्या बसल्या तरी न हलणारा माणूस — एका विचारानं थरथरायला लागला. हालचाल झाली तशा माश्या आणखीच खवळल्या. त्यानं डोळे मिटले, श्वास धरला आणि स्वतःलाच विचारलं, 'लक्षा दोर सोडेल, हे मला सुचलं कसं?'

आणि आठवलं. गेल्या साली लक्षा खाली होता, दोर चिंधूच्या हातात होता. एक क्षण, एकच क्षण, हात सैल सोडावा असं त्याच्याच मनात आलं होतं.

तो शांत झाला. हळूहळू वर चढला. वर लक्षा बसलेला. माश्यांनी त्याचे दोन्ही हात फोडून काढले होते, हिसके बसले ते त्यामुळंच, पण दोर मनगटाला गुंडाळलेला होता. गाल सुजलेला — दाढ ठणकत होती बिचाऱ्याची, म्हणून गप्प!

चिंधूला गप्प राहता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण तो म्हणाला, "लक्षा, मला तुझा संशय आला. कारण गेल्या साली माझ्याच मनात पाप आलं होतं." आणि सगळं सांगितलं.

लक्षानं मनगटाचा दोर सोडवला आणि म्हणाला, "बाजारात मी म्हणालो होतो, चिंधू नसता तर हा कडा मला एकट्याला झेपला नसता." आणि उठून गेला.

आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी आला, हाताची सूज उतरली होती. दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक पुढं केलं. "पलीकडचं मोहोळ राहिलंय. धर."

"अजून माझ्या हातात देतोस?"

"गेल्या साली दिला, तेव्हा तुला तुझं मन ठाऊक नव्हतं. आता आहे."

मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. ज्या भावावर, ज्या सुनेवर तुमची करडी नजर आहे, त्या माणसासमोर बसून 'खोट माझ्याच मनात होती' असं म्हणायची छाती कुणाची आहे? हात वर करू नका, मी बघणार नाही. आज घरी जाऊन तेवढं बोला, आणि मग देवाचं नाव घ्या. आधी नको.