कोंबडीची लस, डॉक्टरचा अंगठा

हसू नका, पण मुखेडकडच्या एका गावात कोंबड्यांना पटकीची लस टोचताना सुई माझ्याच अंगठ्यात घुसली. मी जनावरांचा डॉक्टर, नोकरीला बारा वर्षं झालेली! लस तेलकट, माणसाच्या बोटात गेली की घातक. अंगठा टरारून सुजला, नांदेडला नेऊन चिरला, तेव्हा कुठं वाचला. उरलेल्या कोंबड्या मालकीण सोजरबाईंनी टोचल्या, माझंच बघून.

महिन्याने लस लागू झाली का ते पाहायला रक्त तपासलं. सोजरबाईंनी टोचलेल्या सगळ्या कोंबड्यांत प्रतिकारशक्ती आलेली. मी टोचलेल्यांच्या पायात दोरा बांधला होता, त्यातल्या निम्म्या कोऱ्याच. माझी लस पिसांतच जिरली होती.

मी म्हणालो, "बाई, दोऱ्यावाल्या परत टोचाव्या लागतील."

"हाव, टोचू की. पण या बारीला कोंबड्या तुमी धरा डॉक्टर, सुई मी मारते."